साठवण आणि साठेबाजी : उन्हाच्या अमानतीचा हिशेब

अल्लाहच्या देणग्यांमध्ये सूर्यप्रकाशाइतकी उघड, आणि म्हणूनच इतकी विसरली गेलेली देणगी क्वचितच असेल. पवित्र कुरआनने सूरह अन्-नबामध्ये सूर्याला तळपत्या दिव्याची उपमा दिली आहे, तर सूरह अर्-रहमानमध्ये सूर्य-चंद्राच्या नेमक्या गणिताचा उल्लेख करून लगेच तराजूचा, म्हणजे समतोलाचा, विषय काढला आहे. आकाशातील शिस्त आणि बाजारातील माप या दोन गोष्टी एका प्रवाहात याव्यात, हा योगायोग नव्हे. ज्याने सूर्य हिशेबात ठेवला, त्याला माणसानेही हिशेबात राहावे असे अपेक्षित आहे.

हा दिवा कोणाच्या मालकीचा नाही. कोंढव्यातील दहा मजली इमारतीवर तो जसा पडतो, तसाच पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीतील पत्र्यावरही पडतो. त्याचे देयक येत नाही, त्याला मीटर नाही, थकबाकी राहिली म्हणून तो कोणी तोडत नाही. शतकानुशतके माणसाने ऊन वापरले ते पापड, मिरच्या आणि कपडे वाळवायला. ते हातात धरता येत नव्हते. मावळले की संपले. आता मात्र परिस्थिती बदलली आहे. छपरावरच्या पॅनेलने ऊन पकडता येते आणि बॅटरीने ते रात्रीसाठी राखूनही ठेवता येते. जी वस्तू पकडता येते आणि साठवता येते, तिच्यावर मालकी सांगितली जाते. आणि जिच्यावर मालकी सांगितली जाते, तिच्याविषयी शरीअत प्रश्न विचारतेच.

तो प्रश्न असा : साठवलेल्या उन्हावर हक्क कोणाचा? घरात बॅटरी लावून बाहेरच्या अंधाराकडे पाठ फिरवणे ही दूरदृष्टी आहे, की साठेबाजी? आपल्यापैकी अनेक कुटुंबे आज छपरावर सौर संच बसवण्याच्या विचारात आहेत. खर्च किती, बचत किती, याची चर्चा घरोघर होते. त्या चर्चेत हा दुसरा हिशेबही मांडला जावा, यासाठी हे लेखन.

विस्तवातील भागीदारी

प्रेषित मुहम्मद (स.) यांची एक प्रसिद्ध शिकवण सुनन अबू दाऊद व सुनन इब्ने माजा या संग्रहांत आली आहे. पाणी, चारा आणि विस्तव या तीन गोष्टींत लोक एकमेकांचे भागीदार आहेत, असा तिचा आशय आहे. या तिन्ही गोष्टी वाळवंटातील जीवनाचा आधार होत्या. विस्तव म्हणजे त्या काळची ऊर्जा : अन्न शिजवणारी, थंडीत ऊब देणारी, रात्री वाट दाखवणारी.

फुकहांनी, म्हणजे धर्मविधीच्या अभ्यासकांनी, या भागीदारीची मर्यादाही सांगितली. एखाद्याने लाकडे आणून शेकोटी पेटवली, तर तिच्या उजेडात बसायला, तिच्या उबेला यायला, तिच्यावर आपली वात पेटवून घ्यायला तो कोणाला मनाई करू शकत नाही. परंतु त्याची लाकडे आणि त्याचे निखारे त्याचेच आहेत; ते उचलून नेण्यासाठी त्याची परवानगी लागते. पाण्याविषयीही असाच नियम आहे. नदीचे पाणी सर्वांचे. आपल्या घागरीत भरलेले पाणी भरणाऱ्याचे. मात्र गरजेपुरते वापरून उरलेले विहिरीचे पाणी दुसऱ्यापासून अडवून ठेवण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली आहे.

या नियमांच्या प्रकाशात पहिले उत्तर सोपे आहे. ऊन नदीसारखे आहे, पॅनेल आणि बॅटरी घागरीसारखी. ज्याने पैसे खर्चून संच बसवला, त्यात साठलेली वीज त्याची आहे. तिच्यावर कोणी जबरदस्तीने हक्क सांगू शकत नाही. इस्लाम खासगी मालमत्तेला मान देतो. पण तो मालकाला एवढ्यावरच मोकळे सोडत नाही. मालकी मान्य झाल्यावर मालकाची जबाबदारी सुरू होते.

हजरत यूसुफ (अलै.) यांची कोठारे

साठवण या विषयावर कुरआनमधील सर्वांत मोठा धडा हजरत यूसुफ (अलै.) यांच्या जीवनात आहे. सात वर्षे सुबत्तेची येतील आणि त्यानंतर सात वर्षे दुष्काळाची, हे राजाच्या स्वप्नावरून त्यांनी ओळखले. सुबत्तेच्या वर्षांत खाण्यापुरते धान्य काढून बाकीचे कणसांतच राखून ठेवण्याचा सल्ला त्यांनी दिला. साठवणीचे तंत्रही त्यात आहे, कारण कणसातला दाणा अधिक काळ टिकतो. पुढे कोठारांचा कारभार त्यांनी स्वतःकडे मागून घेतला, तेव्हा आपले दोन गुण सांगितले : आपण राखण करणारे आहोत आणि जाणकार आहोत. म्हणजे प्रामाणिकपणा आणि ज्ञान. यांतील एकाच गुणावर कोठार चालत नाही.

दुष्काळ आला तेव्हा ही कोठारे कोणासाठी उघडली? केवळ इजिप्तच्या दरबारासाठी नव्हे. कनआनहून आलेले परप्रांतीय बंधूही तेथून धान्य घेऊन गेले. त्यांच्याजवळचा माल क्षुल्लक होता, तरी रिकाम्या हाताने परतले नाहीत. सुबत्तेत राखलेले टंचाईत वाटले गेले, म्हणून ती साठवण इबादत ठरली.

याच्या उलट टोकाला इहतिकार, म्हणजे साठेबाजी आहे. लोकांना गरज असताना माल अडवून ठेवणे आणि त्यांच्या अडचणीतून लाभ काढणे याला प्रेषितांनी (स.) पाप ठरवले. काही विद्वानांनी हा नियम अन्नधान्यापुरता मानला, इमाम अबू यूसुफ (रह.) यांनी मात्र जी वस्तू अडवल्याने जनतेचे नुकसान होते, ती प्रत्येक वस्तू त्यात धरली. त्याच वेळी हेही लक्षात ठेवावे, की प्रेषितांनी (स.) आपल्या कुटुंबासाठी वर्षभराची तरतूद करून ठेवल्याचे हदीसमध्ये नमूद आहे. तेव्हा साठवण ही स्वतः दोषी नाही. कोठार तेच असते, धान्यही तेच असते. दुष्काळात दार उघडते की बंद होते, यावरून त्याचे नाव ठरते.

तुलना कोठे थांबते?

येथे कोणी प्रामाणिकपणे आक्षेप घेईल. धान्याचे पोते मी घरात ठेवले तर बाजारात एक पोते कमी होते. उन्हाचे तसे नाही. माझ्या छपरावरचे ऊन मी पकडले म्हणून शेजाऱ्याचे ऊन तसूभरही कमी होत नाही. उलट, मी दुपारी बॅटरी भरून ती संध्याकाळी वापरली, तर संध्याकाळी वीजजाळ्यावरचा भार हलका होतो. त्यात सर्वांचेच भले आहे. मग साठेबाजीचा प्रश्न येतो कोठे?

हा आक्षेप बरोबर आहे आणि त्याने विचार पुढे नेला पाहिजे. ऊन दुर्मीळ नाही, हे खरे. पण ऊन पकडण्यासाठी लागणाऱ्या चार गोष्टी मर्यादित आहेत : छप्पर, सार्वजनिक पैसा, सर्वांच्या मालकीचे वीजजाळे आणि बॅटरीसाठी खणली जाणारी खनिजे. न्याय-अन्यायाचा प्रश्न आकाशात नाही, तो या चार गोष्टींत आहे. पुण्याच्या संदर्भात त्या एकेक तपासू.

गच्ची कोणाची?

पुण्याचे बहुतांश मध्यमवर्गीय जीवन आता सदनिकांमध्ये आहे. ढोबळमानाने एक किलोवॉटच्या सौर संचाला सुमारे शंभर चौरस फूट सावलीविरहित जागा लागते आणि तो वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट वीज देतो. समजा, एका इमारतीत 40 सदनिका आहेत. प्रत्येकाने तीन किलोवॉटचा संच लावायचा म्हटले, तर 12,000 चौरस फूट गच्ची हवी. पाण्याच्या टाक्या, जिन्याची खोली आणि त्यांची सावली वगळल्यावर एवढी गच्ची अशा इमारतीला सहसा नसते. मग जो आधी अर्ज करेल त्याला जागा? की जो सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो त्याला?

गच्ची ही सर्व सभासदांची सामाईक मालमत्ता आहे. शरीअतच्या भाषेत ही शिरकत आहे. भागीदाराच्या संमतीशिवाय सामाईक वस्तू एकट्याने अडवणे योग्य नाही. त्याच वेळी प्रेषितांनी (स.) शेजाऱ्याला आपल्या भिंतीत लाकडी खुंटी ठोकू देण्यास हरकत न घेण्याची शिकवण दिली आहे. तेव्हा ज्याला संच लावायचा आहे त्याने सर्वांना विचारावे आणि ज्याचे काही बिघडत नाही त्याने उगीच अडवू नये. या दोन सूचना एकत्र पाळल्या तर सोसायटीच्या सभेतील निम्मी भांडणे मिटतील. बहुतेक ठिकाणी न्याय्य मार्ग एकच निघतो : सामाईक संच. त्याची वीज लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातील दिव्यांना द्यावी, म्हणजे देखभालखर्चातील बचत प्रत्येक सभासदापर्यंत आपोआप पोहोचते.

भाडेकरूचा प्रश्न याहून अवघड आहे. वीजदेयक तो भरतो, छप्पर मात्र घरमालकाचे असते. वस्तीतील पत्र्याच्या घराला संचाचे वजन पेलत नाही. म्हणजे ज्यांना दोनशे रुपयांची बचतही मोलाची, त्यांच्यापर्यंतच ही देणगी पोहोचत नाही. हा दोष उन्हाचा नाही, आपल्या रचनेचा आहे.

सार्वजनिक पैसा आणि सर्वांचे जाळे

केंद्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये पीएम सूर्यघर मोफत वीज योजना सुरू केली. एक कोटी घरांचे उद्दिष्ट आणि 75,021 कोटी रुपयांची तरतूद असलेल्या या योजनेत घरगुती संचाला पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत प्रतिकिलोवॉट 30,000 रुपये आणि तिसऱ्या किलोवॉटला 18,000 रुपये, असे जास्तीत जास्त 78,000 रुपयांचे अनुदान मिळते. गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक संचालाही प्रतिकिलोवॉट 18,000 रुपयांची तरतूद आहे. पात्र माणसाने हे अनुदान जरूर घ्यावे. पण हा पैसा सर्वांच्या करातून आला आहे, साखर-चहाच्या पुड्यावर कर भरणाऱ्या मजुराचाही त्यात वाटा आहे, याचे भान ठेवावे. सार्वजनिक पैसा ही अमानत आहे. खोटी कागदपत्रे करून ती मिळवणे, किंवा अनुदान घेऊन संच निकामी होऊ देणे, हा त्या अमानतीतील अपहार होय.

वीजजाळ्याचेही असेच. आपल्याकडे नेट मीटरिंगच्या पद्धतीत दुपारची जादा वीज महावितरणच्या जाळ्यात जाते आणि तेवढे युनिट ग्राहकाच्या खात्यावर जमा होतात. रात्री तो तीच जमा वापरतो. म्हणजे बॅटरी नसलेल्या घरासाठी जाळे हाच सामाईक हौद असतो. त्या हौदाच्या तारा, खांब, रोहित्रे आणि रात्री-अपरात्री खांबावर चढणारा कर्मचारी यांचा खर्च कोणी तरी भरतो. सौर संच लावलेल्यांची देयके शून्यावर गेली, तर हा खर्च उरलेल्यांवर, म्हणजे बिनछपराच्या गरिबांवर, किती पडतो, हा वीजदरांच्या सुनावण्यांमधील खरा वाद आहे. सौर ग्राहक म्हणतो, मी स्वच्छ वीज देतो, माझ्यावर बोजा कशाला? दोन्ही बाजूंत तथ्य आहे. येथे इतकेच म्हणावे : स्थिर आकाराचे जे योग्य शुल्क आपल्या वाट्याला येते, त्याकडे दंड म्हणून न पाहता हौदाच्या दुरुस्तीतील आपला वाटा म्हणून पाहावे.

पुण्याला या प्रश्नाची ओळख नवी नाही. राज्यभर भारनियमनाचे चटके बसत असताना 2006 मध्ये येथे एक प्रयोग झाला. टंचाईच्या तासांत कारखान्यांनी आपली जनित्रे चालवायची, त्यामुळे वाचलेली वीज शहराला द्यायची आणि महाग पडणाऱ्या विजेचा भार शहरातील ग्राहकांनी जादा आकार भरून उचलायचा, अशी ती योजना होती. पुणे भारनियमनमुक्त झाले. कोणाची वीज चोरली नाही, पैसे मोजले, हे खरे. तरी प्रश्न उरतोच. ज्या गावांकडे मोजायला पैसे नव्हते, ती अंधारातच राहिली. खरेदीची ताकद हीच उजेडाची पात्रता ठरावी का?

याच जिल्ह्यात जुन्नर, आंबेगाव आणि शिरूर तालुक्यांत शेतकऱ्याला रात्रीची वीज मिळाली की रात्री पिकाला पाणी द्यायला जावे लागते, आणि उसाच्या शेतात बिबट्याचा वावर असतो. दिवसा वीज मिळावी ही तेथील मागणी सोयीची नाही, जिवाची आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून उपकेंद्रांजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीला दिवसा वीज देण्याचे काम राज्यात सुरू आहे. उन्हाची वीज ज्या वेळी तयार होते, त्याच वेळी ज्याला तिची सर्वाधिक गरज आहे त्याच्यापर्यंत ती पोहोचणे, याहून चांगली वाटणी कोणती?

बेटांपासून घेण्याचा धडा

हिंदी महासागरातील मालदीव हा मुस्लिम देश सुमारे 1,200 चिमुकल्या बेटांचा आहे. त्यांपैकी दोनशेहून कमी बेटांवर वस्ती आहे. त्यांची जमीन समुद्रापासून जेमतेम दीड-दोन मीटर उंच. एका बेटाची तार दुसऱ्या बेटाला जोडणे बहुतेक ठिकाणी शक्य नसल्याने प्रत्येक वस्तीचे वीजघर वेगळे आणि ते चालवायला बोटीने आणलेले डिझेल. समुद्राची पातळी वाढण्यास जगात ज्यांनी सर्वांत कमी हातभार लावला, त्यांचीच घरे आधी पाण्याखाली जाण्याची भीती आहे. हे जगाला कळावे म्हणून ऑक्टोबर 2009 मध्ये तेथील मंत्रिमंडळाने पाण्याखाली बैठक घेतली होती. गेल्या दशकात आशियाई विकास बँकेच्या साहाय्याने अनेक बेटांवर डिझेलच्या जोडीला सौर पॅनेल आणि बॅटऱ्या आल्या.

आपल्या देशातील लक्षद्वीपचे चित्रही असेच आहे. तेथेही वीज पिढ्यान्‌पिढ्या डिझेलवर अवलंबून होती. जानेवारी 2024 मध्ये कवरत्ती बेटावर बॅटरी साठवणीसह सौर प्रकल्प लोकार्पण झाला.

या बेटांवर एक गोष्ट ठळक दिसते. वीजघरातील बॅटरी एका घराची नसते, बेटाची असते. तिच्यातून मशीद, शाळा, दवाखाना आणि झोपडी यांना एकाच तारेने वीज जाते. बेट लहान असल्याने प्रत्येकाला कळते, की साठा संपला तर सर्वांचा संपेल. समुद्राने वेढलेली माणसे एकमेकांना धरून राहतात. आणि आपण, लाखोंच्या वस्तीत राहणारे, बॅटरी लावून आपल्या सदनिकेचे बेट करू पाहतो.

अभियांत्रिकीतही या बेटपणाचा धोका ओळखला गेला आहे. जाळ्याला जोडलेला, बॅटरी नसलेला सौर संच बाहेरची वीज गेली की लख्ख उन्हातही आपोआप बंद पडतो. अनेकांना ही यंत्राची खोड वाटते. कारण मात्र वेगळे आहे. तारेवर काम करणारा कर्मचारी ती तार मृत समजून हात लावतो. त्या क्षणी एखाद्या छपरावरून वीज आली तर त्याचा जीव जाईल. म्हणून यंत्राने आधी स्वतःचा उजेड थांबवायचा. एका अनोळखी माणसाच्या जिवासाठी शहरभरचे हजारो संच थांबतात. यंत्राला जे शिकवले, ते यंत्राच्या मालकानेही शिकावे. पैसे वाचवण्यासाठी ही सुरक्षाव्यवस्था टाळून केलेली जोडणी हा केवळ नियमभंग नाही. दुसऱ्याच्या जिवाशी खेळ आहे.

न दिसणारे हात

साठवणीची किंमत नेहमी साठवणाराच मोजतो असे नाही. कोयनेचे धरण हा महाराष्ट्राचा सर्वांत मोठा ऊर्जासाठा. संध्याकाळी मागणी वाढली की त्या पाण्याने झोते फिरतात आणि शहरे उजळतात. पण ज्यांची गावे त्या पाण्याखाली गेली, त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न कित्येक दशके रेंगाळले. बॅटरीच्या मागेही असेच हात आहेत. काही प्रकारच्या लिथियम बॅटऱ्यांना कोबाल्ट लागते आणि जगातील बहुतांश कोबाल्ट आफ्रिकेतील काँगोमधून येते. तेथील हाताने खणल्या जाणाऱ्या खाणींत लहान मुले राबत असल्याचे 2016 मध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने जगापुढे आणले. घरगुती साठवणीसाठी आता कोबाल्ट नसलेल्या लोह-फॉस्फेट प्रकारच्या बॅटऱ्याही मिळतात. खरेदीच्या वेळी हा एक प्रश्न विचारणे कठीण नाही.

दुसरा धोका आपल्या अधिक जवळचा आहे. इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या शिशाच्या असतात. भंगारात गेलेली अशी बॅटरी कोठे तरी कोयत्याने फोडली जाते, आम्ल गटारात ओतले जाते आणि शिसे उघड्या भट्टीत वितळवले जाते. शिशाचा धूर लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला कायमची इजा करतो. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या 2020 च्या अहवालानुसार जगातील सुमारे 80 कोटी मुलांच्या रक्तात चिंताजनक प्रमाणात शिसे आहे आणि त्यांतील सुमारे 27.5 कोटी मुले भारतातील आहेत. भंगाराच्या व्यवसायात आपल्या समाजातील अनेक कुटुंबे आहेत. म्हणजे ज्या मुलाच्या अभ्यासासाठी आपण बॅटरीवर दिवा लावतो, त्याच वयाच्या दुसऱ्या मुलाची बुद्धी त्याच बॅटरीच्या अखेरीस मंदावते. स्वतः इजा न करणे आणि इजा न पोहोचू देणे हा शरीअतचा मूलभूत नियम आहे. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुनी बॅटरी परत घेऊन तिची योग्य विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. शे-दोनशे रुपये जास्त देणाऱ्या भंगारवाल्याऐवजी अधिकृत विक्रेत्याकडे ती परत करणे, एवढे तर आपल्या हाती आहेच.

फुकट म्हणजे उधळपट्टी नव्हे

वाहत्या नदीवर वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, अशी प्रेषितांची (स.) शिकवण सांगितली जाते. नदीचे पाणी कमी होणार नव्हते, तरीही मनाई. कारण उधळपट्टी ही वस्तूच्या टंचाईवर नव्हे, माणसाच्या वृत्तीवर मोजली जाते. देयक शून्य झाले की रिकाम्या खोलीत पंखे फिरू लागतात, दारे उघडी ठेवून वातानुकूलन चालते. पाच युनिटच्या बॅटरीवर चार पंखे, सहा दिवे आणि एक फ्रिज ढोबळमानाने दहा तास चालू शकतात. त्याच बॅटरीवर दीड टनाचे एक वातानुकूलन यंत्र जेमतेम तीन-चार तास. कोणाला काय परवडते हा एक प्रश्न झाला. वीज गेलेल्या रात्री त्या पाच युनिटांचे काय करायचे हा दुसरा.

काय करता येईल?

अश्अरी लोकांविषयी प्रेषितांनी (स.) मोठ्या प्रेमाने उद्गार काढल्याचे हदीसमध्ये आहे. प्रवासात किंवा वस्तीत अन्न कमी पडू लागले, की ते आपल्याजवळचे सर्व एका कापडावर जमा करत आणि सारखे वाटून घेत. त्यांनी स्वतःचे साठे सुबत्तेत बाळगले. टंचाईत मात्र एकत्र केले. सोसायटीच्या बॅटरीसाठी याहून चांगला नियम सापडणार नाही. वीज गेल्यावर आधी काय चालेल, हे उजेड असतानाच ठरवून ठेवावे : ज्या घरात रुग्ण ऑक्सिजनच्या यंत्रावर आहे ते घर, मग पाण्याचा पंप, मग लिफ्ट आणि जिन्यातील दिवे. रखवालदाराची खोली या यादीत असावी.

मशिदींना तर सूर्याची ओळख सर्वांत जुनी. नमाजच्या वेळा सूर्याच्या चालीवर, अस्रची वेळ सावलीच्या लांबीवर. जुहर आणि अस्र उन्हात होतात, मगरिब आणि इशाला मात्र दिवा लागतो. आठवड्याचे बरेच तास मशिदीची गच्ची रिकामी तळपत असते. तेथे संच बसवून वाचलेल्या पैशातून वस्तीतील विद्यार्थ्यांसाठी रात्रीची अभ्यासिका चालवता येईल. भारनियमनाच्या रात्री मशिदीच्या आवारात मोबाइल चार्ज करायला किंवा पुस्तक उघडून बसायला कोणत्याही धर्माच्या शेजाऱ्याला जागा असावी. उबेला येणाऱ्याला मनाई न करण्याच्या नियमाचा हा आजचा अर्थ आहे.

या वाटेवर आपले पूर्वज चालून गेले आहेत. मदीनेत रूमा नावाच्या विहिरीचा मालक पाणी विकत असे. सीरतच्या ग्रंथांत असे वर्णन आढळते, की हजरत उस्मान (रजि.) यांनी आधी तिचा अर्धा हिस्सा घेतला, एक दिवस त्यांचा, एक दिवस जुन्या मालकाचा. त्यांच्या दिवशी लोक दोन दिवसांचे पाणी भरून ठेवू लागले, तेव्हा मालकाने उरलेला हिस्साही विकला आणि विहीर सर्वांसाठी वक्फ झाली. आपल्याच मराठवाड्यात, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातील पाणचक्की पाहा. दूरच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून त्याच्या जोरावर चक्की फिरवली गेली आणि त्या पिठाची भाकरी यात्रेकरू व फकिरांच्या मुखी पडली. निसर्गाची ऊर्जा, माणसाची कारागिरी आणि वक्फची नियत एकत्र आली, की काय घडते याचा तो उभा नमुना आहे. उद्याची सदका-ए-जारिया एखाद्या दवाखान्याच्या छपरावरचे पॅनेलही असू शकेल.

व्याज टाळणाऱ्या कुटुंबांपुढे भांडवलाची अडचण आहे. सौर संचासाठी बँका कर्ज देतात, पण ते व्याजी. अशा वेळी विक्रेत्याशी ठरलेल्या किमतीत हप्त्यांनी खरेदी, नातेवाइकांचे कर्ज-ए-हसना, बिनव्याजी पतसंस्था हे मार्ग आहेत. व्यवहाराचा तपशील जाणकार उलेमांना दाखवून घ्यावा. ज्याच्याकडे आज रक्कम आहे, त्याने एखाद्या गरजू संस्थेला संचासाठी असे कर्ज दिले, तर वाचणाऱ्या देयकातून ते काही वर्षांत फिटू शकते आणि तीच रक्कम पुढच्या संस्थेच्या कामी येते.

सूरह अत्-तकासुरमध्ये जास्तीच्या हव्यासात गुरफटलेल्या माणसाला बजावले आहे, की एके दिवशी देणग्यांविषयी विचारणा होणारच आहे. त्या दिवशी आपल्या छपरावर किती किलोवॉट होते, हे अल्लाहला सांगावे लागणार नाही. ते त्याला ठाऊक आहे. ज्या रात्री गल्लीत अंधार होता आणि आपल्या घरात उजेड, त्या रात्री आपले दार कसे होते, याचे उत्तर मात्र आपल्याकडे असले पाहिजे. अल्लाह आपल्या साठवणीला यूसुफ (अलै.) यांच्या कोठारांची बरकत देवो, आणि आपल्याला देणाऱ्यांमध्ये ठेवो. आमीन.